ऑफिसचं नेट गेलं? आधी वायर, मग सेटिंग

छोट्या ऑफिसात नेट बंद पडलं की पहिला हात राउटरच्या बटणाकडे जातो. बंद करून चालू केल्यावर कधी कधी काम भागतंही, पण बिघाड काय होता ते कळत नाही. मग चार दिवसांनी, नेमकं जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, तेच पुन्हा. त्याहून वाईट म्हणजे राउटरमागच्या बारीक भोकात टाचणी घालून केलेलं रिसेट. त्यात नेट कंपनीने भरून दिलेलं युजरनेम, पासवर्ड आणि इतर सेटिंग सगळं पुसलं जाण्याची शक्यता असते. एका टेबलाखालची वायर तुटलेली असते आणि त्यापायी अख्खं ऑफिस हात बांधून बसतं.

पाच-पंधरा कॉम्प्युटरच्या ऑफिसात साधारण एकच मांडणी असते. फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी. त्याला जोडलेला राउटर, राउटरला आठ किंवा सोळा पोर्टचा (वायरीच्या खाचांचा) स्विच, म्हणजे एका वायरीच्या अनेक वायरी करून देणारा डबा, आणि तिथून भिंतीतून किंवा पट्टीतून टेबलांपर्यंत गेलेल्या वायरी. एका कॉम्प्युटरवर टॅलीचा डेटा, एक नेटवर्क प्रिंटर, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर आणि हजेरीचं बोटाचं मशीन. सीएचं ऑफिस असो, पतसंस्थेची शाखा असो की क्लिनिक, चित्र फारसं बदलत नाही. तपासायचा क्रमही एकच: वायर आणि दिवे, मग आयपी पत्ता (नेटवर्कमधला कॉम्प्युटरचा आकडी पत्ता), मग बाहेरचं नेट आणि सगळ्यांत शेवटी विंडोजची सेटिंग. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वायर बदलली, ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला, आयपी हाताने भरला आणि मग नेट आलं, तर कशाने आलं हे कुणालाच सांगता येत नाही.

हात लावण्याआधी विचारा

"नेट चालत नाही" या वाक्याचे अर्थ अनेक. टॅली उघडत नाही, प्रिंट येत नाही, पोर्टल लोड होत नाही, यांतलं काहीही असू शकतं. म्हणून आधी तीन गोष्टी विचारून घ्या. बंद एकाचंच आहे, एका ओळीतल्या तिघांचं, की सगळ्यांचं? सगळंच बंद आहे की एकच काम अडलंय? आणि काल-परवा इथे काय हललं?

एकाचंच बंद असेल तर बिघाड त्या कॉम्प्युटरपासून स्विचच्या पोर्टपर्यंतच्या तुकड्यात. एका खोलीतल्या तिघांचं बंद असेल तर त्या खोलीत टेबलाखाली कुणीतरी ठेवलेला पाच पोर्टचा छोटा स्विच शोधा. त्याचा अडॅप्टर एक्स्टेंशन बोर्डात ढिला झालेला असण्याची शक्यता दांडगी. सगळ्यांचं बंद असेल तर स्विच, राउटर किंवा बाहेरची लाइन. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर बहुधा "काहीच नाही" असं येतं. ते मानू नका. टेबल सरकवलं का, एसीवाला येऊन गेला का, नवीन कॅमेरा बसला का, रंगकाम झालं का, असं एकेक नाव घेऊन विचारलं की आठवतं.

लॅपटॉप असेल तर तपासण्यापूर्वी त्याचं वाय-फाय बंद करा. नाहीतर वायर मेलेली असते, नेट वाय-फायवरून येत असतं आणि आपण म्हणतो, वायर ठीक आहे.

दिवे वाचा

कॉम्प्युटरच्या मागे वायर घुसते त्या खाचेपाशी दोन बारीक दिवे असतात. स्विचवर प्रत्येक पोर्टचा वेगळा दिवा असतो. रंगांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्यामुळे हिरवा चांगला आणि केशरी वाईट असं पाठ करू नका. साधारण नियम इतकाच: दिवा लागलेला म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांना ओळखलं, लुकलुकतोय म्हणजे डेटा जातोय.

कॉम्प्युटर चालू आहे आणि दोन्ही टोकांना अंधार आहे, तर सेटिंग उघडायचं कामच नाही. वायर दोन्हीकडून काढा आणि टक् असा आवाज येईपर्यंत परत बसवा. प्लगवरची प्लॅस्टिकची खिट्टी तुटली असेल तर वायर बसल्यासारखी दिसते, पण खुर्चीचा धक्का लागला की अर्धा मिलिमीटर मागे येते आणि नेट जातं-येतं. अशा वायरीला सेलोटेप लावून वर्षं काढलेली ऑफिसं आहेत. पिन, म्हणजे टोकाचा तो प्लग, बदला, पाच मिनिटांचं काम आहे.

तरीही अंधार, तर स्विचकडचं टोक शेजारच्या चालू असलेल्या पोर्टात घाला. दिवा लागला तर पोर्ट गेलाय. नाही लागला तर आता खात्रीची, चालू टेबलावरून आणलेली दुसरी वायर थेट स्विचपासून कॉम्प्युटरपर्यंत जमिनीवरून ओढा. लोंबकळू दे, तपासणीपुरतीच आहे. तिच्यावर नेट आलं की दोष भिंतीतल्या वायरीत किंवा तिच्या टोकांच्या पिनांत. तिच्यावरही आलं नाही तर कॉम्प्युटरचं लॅन कार्ड (वायर लागते तो आतला भाग) किंवा त्याचा ड्रायव्हर बघा. या एका चाचणीने अर्धं कोडं सुटतं. म्हणून दहा-पंधरा मीटरची एक चांगली वायर ऑफिसात कायम गुंडाळून ठेवलेली असावी.

पावसाळ्याच्या तोंडाशी, वळवाच्या पावसात वीज कडाडली की दुसऱ्या दिवशी हमखास पोर्ट गेलेले सापडतात. गच्चीवरच्या कॅमेऱ्याची किंवा समोरच्या गोडाऊनपर्यंत ओढलेली तांब्याची वायर हा झटका आत आणते. जळलेला पोर्ट नेहमी काळा पडतोच असं नाही. काही वेळा वायर काढूनही त्याचा दिवा जळतच राहतो. दोन इमारती जोडायच्या असतील तर मधे फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडून देणारी डबी) लावा. काचेतून वीज येत नाही.

अडॅप्टरचीही एक गंमत. ओएनटी, राउटर, छोटा स्विच यांचे अडॅप्टर दिसायला सारखे, पिनही बऱ्याचदा एकाच मापाची, पण कुणी ५ व्होल्टचा, कुणी ९ चा, कुणी १२ चा. साफसफाईत अदलाबदल झाली आणि ५ व्होल्टच्या स्विचला १२ चा लागला की स्विच गेलाच म्हणून समजा. उलटं झालं तर उपकरण सुरूच होत नाही, किंवा दिवे लागतात पण लोड आला की ते आपोआप रीस्टार्ट होत राहतं. प्रत्येक अडॅप्टरवर मार्करने उपकरणाचं नाव लिहा.

वायर आणि पिन

आठ दिव्यांचा केबल टेस्टर काहीशे रुपयांत मिळतो. त्याचे दोन भाग असतात, एक या टोकाला आणि एक त्या. लावण्याआधी वायर दोन्हीकडून उपकरणांतून काढलेली हवी, विशेषतः वायरीतूनच वीज घेणारे कॅमेरे असतील तर. १ ते ८ दिवे दोन्हीकडे ओळीने लागले पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर ती तार तुटलीय. क्रम उलटसुलट झाला तर पिन चुकीची मारलीय.

बहुतेक वेळा वायर मधे तुटत नाही, टोकाला तुटते. त्यामुळे भिंत फोडण्याआधी दोन्ही टोकं कापून नव्या पिना मारा. खिट्टी मागे, सोनेरी पट्ट्या आपल्याकडे आणि प्लगचं पट्ट्यांकडचं टोक वर, वायरीकडचं खाली धरलं की डावीकडून क्रम असा: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. जोड्यांचा पीळ गरजेपुरताच उकला, अर्ध्या इंचाहून जास्त नको. आठही तारा सरळ करून एका रेषेत कापा आणि प्लगमध्ये सरकवा. समोरून पाहिलं तर आठही तारांची चमकती टोकं शेवटपर्यंत आलेली दिसली पाहिजेत. आणि वायरीचं बाहेरचं जाड आवरण प्लगच्या आत, दाबाखाली गेलेलं हवं. ते बाहेर राहिलं तर सगळा ताण त्या बारीक तारांवर येतो आणि पिन महिन्या-दोन महिन्यांत सुटते.

इथे एक फसवणूक होते. काही जण रंग जोडीजोडीने लावतात: केशरी, केशरी, हिरवी, हिरवी, निळी, निळी. दोन्ही टोकांना तसंच, त्यामुळे टेस्टर सगळे दिवे बरोबर दाखवतो. पण तिसऱ्या आणि सहाव्या सोनेरी पट्टीवर एकाच पिळाची जोडी यावी लागते. ती आली नाही की एका जोडीचा सिग्नल दुसरीत मिसळतो. मग दोन मीटरची वायर चालते आणि तीस मीटरची रडते. टेस्टर फक्त तार जोडलेली आहे की नाही एवढंच सांगतो, ती किती चांगली आहे ते नाही.

स्वस्त वायर घेताना तिची एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून तांबूस असेल तर खरं तांबं. चंदेरी दिसली तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, आणि ती दोनदा वाकवली की तुटते. वायरीची एकूण लांबी १०० मीटरच्या आत ठेवा, आणि विजेच्या वायरींच्या पट्टीतून लॅनची वायर नेऊ नका. फॉल्स सीलिंगच्या वर उंदरांचं राज्य असेल तर पाइपातून न्या.

आता पत्ता

दिवा लागलाय, तरी नेट नाही. आता कॉम्प्युटरवर बसा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, सीएमडी टाइप करून एंटर द्या. काळी खिडकी उघडेल. त्यात आयपीकॉन्फिग, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ऑल असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. बरीच लांब यादी येते. त्यातल्या इथरनेट या मथळ्याखालच्या चारच ओळी बघायच्या: आयपीव्ही४ पत्ता (या कॉम्प्युटरचा), डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटर), डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारा) आणि डीएनएस सर्व्हर (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारा). शेजारच्या चालू कॉम्प्युटरवरही हेच करून दोन्ही समोरासमोर धरा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही आणि त्याने स्वतःच एक ठोकून दिला. याचा अर्थ वायर अर्धवट आहे, मधला स्विच अडकलाय किंवा राउटर पत्ते वाटत नाहीये. आयपीकॉन्फिगपुढे तिरकी रेघ आणि रिलीज, मग तसंच रिन्यू अशा आज्ञा देऊन बघा. पुन्हा १६९ च आला तर परत वायरीकडे जा.

पत्ता इतरांसारखाच दिसतो पण नेट जातं-येतं, कधी विंडोज पत्ता दुसरीकडेही वापरात असल्याचं सांगतं, तर एकच पत्ता दोघांनी घेतलाय. हा उद्योग बहुधा प्रिंटर, डीव्हीआर किंवा हजेरीच्या मशीनचा असतो. बसवणाऱ्याने त्याला हाताने १९२.१६८.१.१०८ सारखा पत्ता दिलेला असतो आणि तोच पत्ता राउटर दुसऱ्या कुणाला तरी वाटून टाकतो. राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन वाटपाची हद्द ठरवून द्या, उदाहरणार्थ पत्त्याचा शेवटचा आकडा १०० ते १९९. प्रिंटर, डीव्हीआर, टॅलीचा कॉम्प्युटर यांना २०० च्या पुढचे पक्के पत्ते द्या. बदलण्याआधी जुने पत्ते वहीत लिहून घ्या.

पिंग, आणि त्यातला एक चकवा

पिंग म्हणजे समोरच्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. त्याच काळ्या खिडकीत पिंग लिहून पुढे गेटवेचा पत्ता द्या, बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असतो. चार उत्तरं आली तर तुमच्यापासून राउटरपर्यंतचा रस्ता मोकळा. मग पिंग ८.८.८.८. तेही आलं तर बाहेरचं नेट चालू. मग एखाद्या वेबसाइटचं नाव देऊन पिंग. आकड्याला उत्तर येतं आणि नावाचा पत्ताच सापडत नाही म्हणाला, तर नाव शोधून देणारी डीएनएसची यंत्रणा बिघडलीय. आयपीकॉन्फिगपुढे तिरकी रेघ आणि फ्लशडीएनएस देऊन जुनी नोंद पुसा. जमलं नाही तर डीएनएसच्या जागी हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून बघा.

चकवा असा. उत्तरात "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" येतं आणि खाली मात्र नुकसान शून्य टक्के दिसतं. लोक तेवढंच वाचून खूश होतात. ओळ नीट बघा: उत्तर देणारा पत्ता आपल्याच कॉम्प्युटरचा असतो. म्हणजे आपणच आपल्याला सांगतोय की समोरचा सापडला नाही, आणि विंडोज त्यालाही आलेलं उत्तर म्हणून मोजतं. शेवटच्या टक्क्यावर जाऊ नका, वरच्या ओळी वाचा.

आणखी एक. शेजारच्या कॉम्प्युटरला पिंग जात नाही म्हणून तो बंद आहे असं नाही. विंडोजची फायरवॉल पिंगला बऱ्याचदा उत्तर देऊ देत नाही. तपासणीसाठी राउटर किंवा प्रिंटर बरा.

पिंग सगळीकडे जातं पण ब्राउझर उघडत नाही, तर कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की रात्री वीज बंद केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग बँक आणि सरकारी पोर्टल कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून दार लावून घेतात. सेल बदलला की झालं. तारीख बरोबर असेल तर प्रॉक्सीची (नेट मधल्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी) सेटिंग कुणी चालू करून ठेवलीय का ते पाहा.

सगळ्यांचंच गेलं तर

आधी ओएनटी. त्यावर लॉस लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबरमधून उजेडच येत नाहीये. पिवळी किंवा काळी बारीक फायबर कुठे कोपऱ्यात दुमडली, कपाटाखाली दबली आहे का बघा. नसेल तर नेट कंपनीला फोन. आत कितीही खटपट केलीत तरी उपयोग नाही.

लॉस शांत आहे, राउटरही चालू आहे, तरी कुणालाच काही मिळत नाही आणि स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकतायत? मग कुठेतरी फेरा झालाय. वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये, किंवा एकमेकांना आधीच जोडलेल्या दोन स्विचमध्ये गेलीत. टेबल हलवताना कुणीतरी सुटं टोक बघून चांगल्या मनाने भिंतीतल्या खोक्यात खुपसलेलं असतं. साधा स्विच हे ओळखत नाही, तोच संदेश गरागरा फिरत राहतो आणि बाकीच्यांना वाट मिळत नाही. एका कॉम्प्युटरवर पिंग, गेटवेचा पत्ता आणि पुढे वजा टी देऊन न थांबणारं पिंग सुरू ठेवा. मग स्विचमधल्या वायरी एकेक काढत जा, फक्त राउटरकडची आणि या कॉम्प्युटरची सोडून. जी काढल्यावर उत्तरं यायला लागतात, तिच्या मागे जा.

दुसरा उपद्रव जास्त बेरकी. साहेबांच्या केबिनमध्ये वाय-फाय कमी येतं म्हणून घरचा जुना राउटर आणून लावला जातो, वायर त्याच्या लॅनच्या खाचेत. आता ऑफिसात पत्ते वाटणारे दोघे झाले. ज्यांचे पत्ते आधीच मिळालेत त्यांचं चालू राहतं, आणि ज्याने सकाळी कॉम्प्युटर चालू केला त्याला १९२.१६८.०.५० सारखा भलताच पत्ता आणि भलताच गेटवे मिळतो. म्हणून वर डीएचसीपी सर्व्हरची ओळ बघायला सांगितली. तिथे ऑफिसच्या राउटरपेक्षा वेगळा आकडा दिसला की घुसखोर सापडला. तो राउटर फेकायची गरज नाही. त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याला ऑफिसच्या ओळीतला रिकामा पत्ता द्या, मग तो निमूट वाय-फाय देत राहील.

चालतं, पण रडत

अधूनमधून तुटणाऱ्या नेटसाठी दोन काळ्या खिडक्या शेजारी उघडा. एकीत राउटरला, दुसरीत ८.८.८.८ ला न थांबणारं पिंग. तासभर चालू दे. दोन्ही एकदम तुटली तर दोष ऑफिसच्या आत. फक्त दुसरी तुटली तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे, आणि त्या खिडकीचा फोटो नेट कंपनीला दाखवायला कामी येतो.

आतला वेग मंद वाटत असेल तर इथरनेटच्या स्टेटसमध्ये वेग किती लिहिलाय ते बघा. स्विच आणि कॉम्प्युटर दोन्ही गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे, असताना १०० एमबीपीएस दिसत असेल तर वायरीवर संशय घ्या. १०० ला चारपैकी दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार तुटली की जोडणी बहुधा गुपचूप १०० वर उतरते आणि कुणाला पत्ता लागत नाही. ताडायला एक मोठी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर कॉपी करा. १०० वर सेकंदाला ११-१२ एमबी, गिगाबिटवर चांगल्या डिस्क असतील तर ११० च्या आसपास.

वायर ठीक असूनही काही वेळ काम न केल्यावर नेट सुटत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढा.

टॅली आणि प्रिंटर

नेट चालू, पण टॅलीचा डेटा दिसत नाही. बहुतेक वेळा डेटा असलेल्या कॉम्प्युटरचा पत्ता बदललेला असतो आणि बाकीच्यांचा ड्राइव्ह जुन्या पत्त्यावर शोधत बसतो. पक्का पत्ता दिला की हा प्रश्न मिटतो. पत्ता तोच असेल तर त्या कॉम्प्युटरवर नेटवर्क पब्लिक झालंय का बघा. राउटर बदलल्यावर असं होतं, आणि पब्लिकमध्ये विंडोज शेअर केलेले फोल्डर लपवतं. ते प्रायव्हेट करा. विंडोज नव्या आवृत्तीवर गेल्यापासून पासवर्डशिवायचं शेअरिंग अडलं असेल तर त्या कॉम्प्युटरवर प्रत्येकासाठी नाव आणि पासवर्ड तयार करा. संरक्षण बंद करण्याचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतील, पण ज्या फोल्डरमध्ये अशिलांचे हिशेब आहेत तिथे ते नकोत.

जुना झेरॉक्स मशीनवाला प्रिंटर प्रिंट देतो पण स्कॅन फोल्डरमध्ये टाकत नाही, तर तो फाइल पाठवण्याची जुनी पद्धत वापरतोय आणि नव्या विंडोजमध्ये ती बंद असते. मशीनचं सॉफ्टवेअर अद्ययावत होतंय का विचारा. होत नसेल तर स्कॅन ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या.

नेट कंपनीला फोन करायची वेळ आली तर "नेट नाही" एवढंच म्हणू नका. ओएनटीचे कोणते दिवे लागलेत आणि कोणत्या रंगाचे, राउटरला पिंग जातं का, ८.८.८.८ ला जातं का, वायरीने थेट राउटरला जोडलेल्या लॅपटॉपवर काय होतं आणि कधीपासून, हे पाच मुद्दे कागदावर लिहून मगच नंबर फिरवा. "राउटर बंद-चालू करून बघा" या पहिल्या पायरीवरून तक्रार पुढे सरकते आणि माणूस लवकर येतो.